जपानी आणि आशियाई प्राचीन कला : संग्रहालयात जाण्याआधी आणि गेल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या सहलीची आखणी करणारे, मुंबईच्या संग्रहालयातल्या जपानी वस्तूंसमोर थबकणारे आणि घरच्या शोकेसमधली बरणी खरी की खोटी हे विचारणारे, अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातली आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात फक्त जपानी वस्तू आहेत का?

नाही. १८७२ साली युशिमा सेइदो या जुन्या विद्यापीठात भरलेल्या प्रदर्शनापासून हे संग्रहालय सुरू झालं. जपानमधलं ते सर्वांत जुनं. आज ते उएनो बागेत आहे आणि संग्रहात सुमारे १,२०,००० वस्तू आहेत. मुख्य इमारत होंकान, १९३८ साली खुली झालेली. तिथे जपानी कला आहे. उजव्या हाताची तोयोकान (१९६८) उरलेल्या आशियासाठी आहे. चीन, कोरिया, गांधार, भारत, कंबोडिया आणि आशियाच्या सोबतीला इजिप्तसुद्धा तिथेच सापडतो. हेइसेइकानच्या खालच्या मजल्यावर पुरातत्त्व आहे. चौथी इमारत नाराजवळच्या होर्युजी या बौद्ध देवळाच्या ठेव्याची. या देवळाने १८७८ साली तीनशेहून अधिक वस्तू राजघराण्याला दिल्या, त्या आता इथे आहेत. तोयोकान तानिगुची योशिरो यांनी बांधली आणि होर्युजीची इमारत त्यांचे पुत्र योशिओ यांनी. दोन्ही एकाच आवारात आहेत, तेव्हा बापलेकांची कामं शेजारीशेजारी ताडून पाहता येतात.

२. एकच दिवस आहे. कुठून सुरुवात करू?

होंकानच्या वरच्या मजल्यावरून. तिथली दालनं काळानुसार लावली आहेत, इतिहासपूर्व जोमोनपासून एकोणिसाव्या शतकात संपलेल्या एदो काळापर्यंत. खालच्या मजल्यावर तीच कला माध्यमानुसार मांडली आहे : मूर्ती, उरुशीकाम (झाडाच्या चिकाचा लेप दिलेल्या वस्तू, प्रश्न ७ पाहा), तलवारी, भांडी. वरचा मजला आधी पाहिला की खालच्या वस्तू कोणत्या काळात बसवायच्या ते कळतं. उलट केलं तर गोंधळ उडतो. मध्ये जेवून हेइसेइकान, आणि शेवटी होर्युजीची इमारत, कारण ती अंधारी आणि शांत आहे आणि दमलेल्या डोळ्यांना बरी वाटते. तोयोकानसाठी वेगळे दोन तास ठेवा.

जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. ‘दुसऱ्या मजल्यावर या’ म्हणजे आपला पहिला मजला. सोमवारी सुट्टी असते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर संग्रहालय उघडं राहतं आणि पुढच्या कामाच्या दिवशी बंद होतं. दुरुस्तीसाठी दालनं बंद ठेवतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री संकेतस्थळ पाहून घ्या.

३. ‘प्राचीन’ म्हणजे किती जुनं?

आपण ‘प्राचीन’ फार सैल वापरतो. जोमोन हा इतिहासपूर्व काळ. त्यातली सर्वांत जुनी मडकी १५ हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि चाक न वापरता वळकट्या रचून केलेली आहेत. त्यानंतर भातशेतीचा यायोई, मग तिसऱ्या ते सहाव्या-सातव्या शतकाचा कोफुन, म्हणजे राजांच्या टेकडीएवढ्या थडग्यांचा काळ. बौद्ध धर्म सहाव्या शतकात आला आणि आसुका, नारा (७१०–७९४) आणि हेइआन (७९४–११८५) हे काळ म्हणजे जपानी इतिहासकारांच्या भाषेत खरं ‘प्राचीन’. त्यानंतरचा कामाकुरा काळ मध्ययुगात येतो. चित्रकार होकुसाईच्या ज्या लाटेच्या चित्राला बरेच जण प्राचीन जपानी कला म्हणतात ते १८३०च्या आसपासचं. तेव्हा मुंबई-पुण्यात कंपनी सरकारचा अंमल होता.

४. पुस्तकात पाहिलेलं चित्र पाहायला मुद्दाम गेलो, तर ते लावलेलंच नव्हतं. असं का?

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. चूक कुणाचीच नसते. कागद आणि रेशीम उजेड सोसत नाहीत.

कागदावरचा रंग प्रकाशाने उडतो तो परत येत नाही. दिवा मंद केला तर उडण्याचा वेग कमी होतो, एवढंच. त्यामुळे प्रत्येक चित्राला आयुष्यभरासाठी उजेडाचा ठरावीक शिधा मिळाला आहे असं समजून तो पुरवून वापरावा लागतो. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या, म्हणजे सरकारने सर्वोच्च दर्जा दिलेल्या, कलाकृतींबाबत जपानच्या सांस्कृतिक खात्याचे दंडक आहेत. चित्रं आणि तत्सम नाजूक वस्तू वर्षातून फार तर दोनदा, मिळून ६० दिवसांच्या आत दाखवायच्या. फार लवकर उडणारे रंग असतील तर ३० दिवस. प्रकाश १५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत. छापचित्रांना बरीच संग्रहालयं ५० लक्सच देतात. तुमच्या गच्चीवर उन्हाळ्यात भरदुपारी एक लाख लक्सच्या आसपास असतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून बाहेरच्या उन्हातून थेट चित्रांच्या दालनात जाऊ नका. आधी मूर्ती पाहा.

दुसरं कारण घड्यांचं. लटकतं चित्र, म्हणजे काकेमोनो, गुंडाळून ठेवतात. चित्राच्या मागे कागदाचे तीन-चार थर गव्हाच्या खळीने चिकटवलेले असतात. प्रत्येक उलगडण्यात हे थर थोडे वाकतात, आणि खळ कडक असेल तर आडव्या भेगा पडतात. म्हणून शेवटच्या थरांना जुनी खळ लावतात. मडक्यात घालून सुमारे दहा वर्षं थंड जागी मुरवलेली ही खळ चिकटते कमी आणि लवचिक राहते. एवढं करूनही साधारण शंभर वर्षांनी सगळं सोडवून नव्याने मढवावं लागतं.

यावर उपाय एकच : कलाकृती ठरवा, मग तारीख ठरवा. हासेगावा तोहाकु यांचा पाइन वृक्षांचा पडदा, शाईने काढलेल्या सहा-सहा फळ्यांच्या जोडीचा, टोकियोत बहुतेक वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला लावतात. होंकानमध्ये एका वेळी एकच राष्ट्रीय ठेवा दाखवणारं छोटं दालन आहे. तिथे काय लागणार ते आधी जाहीर होतं.

५. मग काय नेहमी पाहायला मिळतं?

दगड, भाजलेली माती आणि धातू. यांना उजेडाची भीती नाही, दमटपणाची आहे, तीही मुख्यतः धातूला. होर्युजी दालनातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या छोट्या ब्राँझ मूर्ती, तोयोकानमधली दगडी शिल्पं आणि हेइसेइकानची मातीची माणसं यांच्यासाठी तारीख पाहायची गरज सहसा पडत नाही. एक अपवाद : होर्युजीचे गिगाकु या प्राचीन नाट्यप्रकाराचे मुखवटे लाकडाचे आणि रंगवलेले आहेत. ते आठवड्यात फक्त शुक्रवारी आणि शनिवारी उघडतात.

६. हानिवा म्हणजे काय? लहान मुलांनी केल्यासारखे का दिसतात?

कोफुन काळातल्या थडग्यांच्या टेकड्यांवर रांगेने उभ्या केलेल्या पोकळ मातीच्या आकृत्या. त्या दुरून आणि खालून पाहण्यासाठी होत्या, म्हणून डोळे-तोंड म्हणजे सरळ भोकं. या भोकांमुळे भट्टीत वाफही बाहेर पडते. आतून पाहिलंत तर बोटांचे ठसे आणि मातीच्या वळकट्या स्पष्ट दिसतात. गुन्मा प्रांतात सापडलेला चिलखतधारी योद्धा (उंची १३०.५ सेंमी, सहावं शतक) हा १९७४ साली राष्ट्रीय ठेवा ठरला. २०१७ ते २०१९ मध्ये त्याचे तुकडे सुटे करून पुन्हा जोडताना पांढरा, लाल आणि राखाडी रंग सापडला. आज जो मातकट साधेपणा आपल्याला भावतो, तो मूळ कारागिराच्या मनात नव्हताच.

७. मूर्तीच्या पाटीवर ‘कोरडी लाख’ लिहिलं होतं. लाखेची मूर्ती?

भाषांतराचा घोटाळा आहे. आपली लाख म्हणजे किड्याचा राळेसारखा स्राव. जपानी उरुशी हा एका झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला की अंगावर जे होतं तेच कच्च्या उरुशीने होतं. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचा रस वापरत, तो धुऊन जात नसे. तोच चिवटपणा इथे मूर्तीच्या कामी आला.

नारा काळात पद्धत अशी होती. लाकडी सांगाड्यावर मातीची मूर्ती घडवायची. तिच्यावर उरुशी आणि पीठ यांच्या लगद्यात भिजवलेलं तागासारखं कापड थरावर थर चिकटवायचं. वाळलं की पाठ कापून आतली माती काढून टाकायची, आत लाकडाची चौकट बसवायची आणि पाठ शिवायची. नाक, ओठ, बोटांची पेरं यांसाठी उरुशीत लाकडाची पूड कालवून वरून लिंपायचं. मग रंग आणि सोनं. नाराच्या कोफुकुजी देवळातला आशुरा, म्हणजे असुर, (७३४ साली) असाच आहे. उंची १५३.४ सेंमी, वजन मात्र सुमारे १५ किलो. देऊळ अनेकदा जळालं. एवढी हलकी मूर्ती उचलून पळणं शक्य होतं म्हणून ती आज आहे. तीन तोंडं, सहा हात, आणि मधल्या चेहऱ्यावर कपाळाला बारीक आठी. राक्षस म्हणून पाहायला जाल तर गोंधळाल, तो चेहरा काहीतरी समजून घेऊ पाहणाऱ्या पोराचा आहे. २००९ साली हा आशुरा टोकियोत आणला तेव्हा ९ लाखांहून अधिक लोक आले.

उरुशी महाग आणि वेळखाऊ, म्हणून हेइआन काळात लाकूड पुढे आलं. आधी एकाच ओंडक्याची मूर्ती. तिची अडचण अशी की बाहेरचं लाकूड आधी वाळून आकसतं आणि गाभा मागे राहतो, मग मूर्ती तडकते. म्हणून आतून पोखरत. पुढे जोचो या शिल्पकाराने तुकडे जोडून मूर्ती करण्याची रीत पक्की केली. क्योतोजवळच्या ब्योदोइन देवळातला अमिदा, म्हणजे अमिताभ बुद्ध, (१०५३) त्याचा. या रीतीत एकाच वेळी दहा माणसं दहा भागांवर काम करू शकतात. नाराच्या तोदाइजीच्या दक्षिण महाद्वारातले आठ मीटरहून उंच दोन द्वारपाल उनकेइ, काइकेइ आणि त्यांच्या चमूने १२०३ साली ६९ दिवसांत उभे केले. त्यांची सुमारे ३,००० तुकड्यांची जुळणी आहे.

८. कामाकुराच्या मूर्तींचे डोळे ओले का वाटतात?

ते स्फटिकाचे आहेत. डोक्याचा पुढचा भाग सुटा काढून आतून डोळ्याच्या खाचेत स्फटिकाची पातळ चकती बसवतात. तिच्या मागच्या बाजूने बुबुळ रंगवायचं, मागे पांढरा कागद किंवा कापूस लावायचा आणि बांबूच्या खिळ्यांनी दाबून धरायचं. तारीख माहीत असलेली सर्वांत जुनी अशी मूर्ती ११५१ सालची, नाराच्या चोगाकुजीतली. पाहताना गुडघे वाकवून खाली व्हा. या मूर्ती ओट्यावर असत आणि भक्त जमिनीवर बसलेला असे. त्या उंचीवरूनच नजर भिडते.

९. या मूर्तींमध्ये आपलेच देव आहेत असं ऐकलं. कोण कोण?

बरेच. चीनमार्गे आले, म्हणून नावं बदलली. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. किचिजोतेन लक्ष्मी, बिशामोनतेन वैश्रवण म्हणजे कुबेर, एम्मा यम, सुइतेन वरुण, कारुरा गरुड. बोंतेन ब्रह्मदेव आणि ताइशाकुतेन इंद्र. क्योतोच्या तोजी देवळात हे दोघे आजही हंसांवर आणि हत्तीवर बसलेले आहेत, वाहनं चुकलेली नाहीत. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, पण तो आता तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसतो आणि दुकानदारांचा लाडका आहे. बोधिसत्त्वांपैकी कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, मिरोकु मैत्रेय, मोंजु मंजुश्री, जिझो क्षितिगर्भ. फुदो म्हणजे अचल.

तरी ओळख पटवताना नावापेक्षा हातातल्या वस्तू आणि आसन पाहा. आपल्याकडच्या मूर्तिशास्त्राची सवय असेल तर अर्धं काम झालंच.

मूर्तीच्या जागी नुसतं एखादं अक्षर काढलेलं दिसलं तर ते चित्र समजून पुढे जाऊ नका. ते सिद्धम् लिपीतलं बीजाक्षर असतं. अमिदाचं ह्रीः, कान्नोनचं स, जिझोचं ह, दाइनिचीचं (महावैरोचन बुद्धाचं) अ किंवा वं. सिद्धम् ही ब्राह्मीचीच लेक, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला थोड्या सरावाने ‘ह’ आणि ‘स’ ओळखू येतात. जपानी प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ते जमतं. होर्युजीच्या ठेव्यात ताडपत्रावरचं प्रज्ञापारमिता हृदयसूत्र आहे, आणि त्याच्या शेवटी चक्क मुळाक्षरं लिहून ठेवली आहेत.

१०. गणपतीचं नाव या यादीत नाही. तो तिकडे गेला नाही का?

गेला. त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, पण तो संग्रहालयात क्वचितच दिसतो, कारण त्याची मूर्ती झाकलेली ठेवण्याची प्रथा आहे. बहुधा आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींचं रूप असतं आणि पुजाऱ्याखेरीज कुणी पाहत नाही. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन हे त्याचं देऊळ आहे. तिथे मुळा वाहतात. क्योतोत त्याच्या नैवेद्याचं कांकिदान नावाचं पक्वान्न मिळतं : वर चुण्या घातलेली पुरचुंडी, आत गोड सारण. मोदकच, पण तळणीचा.

११. होर्युजीच्या भित्तिचित्रांचा अजिंठ्याशी संबंध आहे का?

नातं आहे, थेट वारसा म्हणता येणार नाही. होर्युजीच्या सुवर्णगृहातली, म्हणजे मुख्य मंदिरातली, चित्रं सातव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या सुमारे दोनशे वर्षांनंतरची. मधे तांग काळातला चीन आहे. पण सहाव्या भिंतीवरचा बोधिसत्त्व आणि अजिंठ्याचा पद्मपाणी यांच्या छायाचित्रांकडे एकत्र पाहिलं तर मानेचा कल, कमरेचं वळण आणि अर्धे मिटलेले डोळे यांतलं घराणं ओळखू येतं. तंत्रातही एक साम्य आहे. दोन्हीकडे मातीच्या गिलाव्यावर पांढरा थर देऊन तो वाळल्यावर रंगकाम केलं आहे. म्हणून ‘फ्रेस्को’ (ओल्या गिलाव्यावरचं रंगकाम) हा शब्द दोन्हींना काटेकोरपणे लागू पडत नाही.

या नात्याचा एक मानवी धागा आहे. चित्रकार आराइ कांपो १९१७–१८ मध्ये अजिंठ्यात राहून नकला करत होते. टोकियोत ठेवलेल्या त्या नकला १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. पुढे १९४० साली होर्युजीच्या भिंतींच्या नकला करण्याचं काम सुरू झालं, त्यातही ते होते. १९४५ साली ते वारले. २६ जानेवारी १९४९ रोजी सुवर्णगृहाला आग लागली आणि मोठी चित्रं करपली. वरच्या भागातल्या उडत्या अप्सरांचे लहान तुकडे दुरुस्तीसाठी आधीच काढून ठेवलेले होते, म्हणून वाचले. या आगीनंतर १९५० साली जपानचा सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायदा झाला. प्रश्न ४ मधले दिवसांचे आणि उजेडाचे दंडक त्याच व्यवस्थेतून येतात. आजही २६ जानेवारीला जपानभर देवळांत आग विझवण्याची तालीम होते.

१२. जपानी संग्रहात गोव्याचा उल्लेख कुठे आणि का येतो?

‘नानबान’ लिहिलेल्या पाट्यांवर. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी, अर्थात पोर्तुगीज. त्यांची जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला (१५७१ पासून) जात. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोचले, ते गोव्याहूनच निघाले होते. १६३९ साली पोर्तुगीजांना जपान बंद झालं, त्यामुळे या साऱ्या वस्तू जेमतेम शंभर वर्षांतल्या आहेत.

दोन प्रकार पाहण्यासारखे. पहिला, घडीचे चित्रपडदे : काळं जहाज, फुगीर विजारींचे कप्तान, छत्री धरणारे सावळे खलाशी. कोबेच्या संग्रहालयातल्या कानो नाइझेनच्या पडद्यावर तर परदेशी बंदरात हत्तीही आहे. पडदा नेहमी उजवीकडून डावीकडे वाचायचा. दुसरा प्रकार, उरुशीवर सोनं आणि शिंपल्याचे तुकडे जडवलेल्या पेट्या आणि पोथी ठेवायच्या घडीच्या चौकटी. घाट युरोपी, कारागिरी क्योतोची, आणि शिंपला इतका दाटीने बसवण्याची हौस गुजरातेतल्या शिंपलाजडित पेट्यांची आठवण करून देणारी. याच पेट्या गोव्याच्या वाटेने युरोपला गेल्या.

१३. घरात उरुशीचा डबा आहे. कसा सांभाळू?

उरुशी पाणी उडून वाळत नाही. हवेतल्या ओलाव्याच्या साह्याने तिच्यातलं विकर (एन्झाइम) काम करतं आणि ती घट्ट होते. त्यासाठी कारागीर तिला साधारण २०–३० अंश आणि ७०–८५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवतात. म्हणून कोकणच्या दमट हवेची तिला भीती नाही. भीती आहे एसीच्या कोरड्या झोताची, त्याने आतलं लाकूड आकसून वरचा थर उचलला जातो. दुसरी भीती उन्हाची. ऊन लागलं की काळा रंग तपकिरी आणि खडबडीत होतो, तो पॉलिशने परत येत नाही. मऊ सुती कापडाने पुसा. व्हिनेगर, साबण, फर्निचर पॉलिश, खोबरेल यांतलं काहीही लावू नका.

१४. जपानी लोक फुटलेली भांडी सोन्याने चिकटवतात ना?

सोनं काहीच चिकटवत नाही. जोडते ती उरुशी. गव्हाच्या पिठात कालवलेली उरुशी कडांना लावून तुकडे बसवायचे आणि एक-दोन आठवडे दमट पेटीत ठेवायचे. खाचा बारीक माती कालवलेल्या उरुशीने बुजवायच्या, घासायच्या, पुन्हा वाळवायच्या. शेवटी रेघेवर उरुशीचा पातळ हात द्यायचा आणि तो चिकट असतानाच सोन्याची पूड शिंपडायची. महिना-दोन महिने सहज जातात. बाजारातले झटपट संच म्हणजे इपॉक्सी आणि पितळेची पूड. त्यात चहा पिऊ नका.

फुटलेलं दडवायचं नाही, ही वृत्ती सोन्याआधीची आहे. टोकियोत ‘बाकोहान’ नावाचा चिनी हिरवट पेला आहे, तेराव्या शतकातला. परंपरा सांगते की पंधराव्या शतकात शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासाने तडा गेलेला हा पेला चीनला पाठवला आणि असाच दुसरा मागवला. तिकडे तसा मिळेना, म्हणून त्यांनी लोखंडी टाचे मारून तोच परत केला. टाचे टोळासारखे दिसतात म्हणून हे नाव. पेल्याच्या मागच्या बाजूला जाऊन ते टाचे जरूर पाहा, पुढून फक्त सुंदर रंग दिसतो.

१५. तलवारीच्या दालनात लोक उठाबशा का काढतात?

पात्यावरची नक्षी फक्त ठरावीक कोनातून दिसते म्हणून. दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर पडेल असं उभं राहा आणि हळूहळू गुडघे वाकवा. धारेलगत ढगासारखी पांढरट रेघ उमटते, ती हामोन. पाणी देण्याआधी पात्यावर माती लिंपतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. धार झटकन निवून टणक होते आणि पाठ मऊ राहते. हामोन ही त्या दोन पोलादांमधली सीमा.

धार वर करून ठेवलेली ती काताना आणि धार खाली असलेली ती ताची. दोन शाकु, म्हणजे ६०.६ सेंमीपेक्षा लांब पातं या दोघांचं. एक ते दोन शाकु वाकिझाशी, त्याहून लहान तांतो. मुठीच्या आत जाणारा भाग गंजलेला असतो आणि तो तसाच ठेवायचा असतो. त्या गंजाच्या रंगावरून वय ठरतं आणि सहीही तिथेच असते. घरी जुनी जपानी तलवार असेल तर तिथे पॉलिश पेपर लावणं म्हणजे कागदपत्रं जाळणं.

१६. लाटेचं किंवा फुजी पर्वताचं छापचित्र मूळ आहे की प्रत, हे कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर छापखान्यातली प्रत, विषय संपला. ठिपके नसतील तर मागची बाजू पाहा. हाताने रगडून छापलेल्या चित्रात रंग कागदात मुरून मागे दिसतो.

इथपर्यंत उत्तीर्ण झालेलं चित्रही एकोणिसाव्या शतकातलंच असेल असं नाही. नव्या ठशांवरून आजही उत्तम प्रती करतात, आणि त्या प्रामाणिकपणे प्रत म्हणूनच विकतात. म्हणून छापण्याआधीच्या तपासणीचा शिक्का शोधा. १७९१ ते १८४२ या काळातल्या चित्रांवर ‘किवामे’ हा गोल शिक्का असतो आणि त्यानंतर शिक्क्यांचे प्रकार दर काही वर्षांनी बदलत गेले. शिक्का आणि चित्रकाराचा काळ जुळला नाही तर शंका घ्या.

होकुसाईची लाट साधारण २६ × ३८ सेंमी आहे. ती ठशाची असल्याने ‘एकमेव मूळ’ असं काही नसतं, ती अनेक संग्रहालयांत आहे. फरक आधीच्या आणि नंतरच्या छापांत. लाकडी ठसे झिजतात. नंतरच्या छापांत डावीकडच्या शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते. आधीच्या छापांत आकाशाला फिकट गुलाबी छटा होती, बहुतेक प्रतींतून ती उडून गेली आहे. निळा टिकला, कारण तो बर्लिनमध्ये शोध लागलेला नवा कृत्रिम निळा होता.

१७. पाटीवर ‘देन’ लिहिलेलं असतं, आणि काही उत्कृष्ट वस्तू ‘राष्ट्रीय ठेवा’ नसतात. मग त्या कमअस्सल का?

‘देन’ म्हणजे परंपरेने अमुकाची मानलेली. संग्रहालयाने ठामपणे सही दिलेली नाही, पण दावा फेटाळलाही नाही. नकली म्हणायचं तर ती वस्तू लावलीच नसती.

दर्जाच्या बाबतीत मोठा अपवाद नाराच्या शोसोइनचा. आठव्या शतकातला सम्राटाचा ठेवा, त्यात शिंपल्याने मढवलेली, उंटावरच्या वादकाचं चित्र असलेली पाच तारांची बिवा. जगात तशी प्राचीन बिवा दुसरी उरलेली नाही. तरीही ती राष्ट्रीय ठेवा नाही, कारण ती राजघराण्याच्या खात्याकडे आहे आणि तिथल्या वस्तूंची तशी नोंद करण्याची रीत नव्हती. शोसोइनची इमारत मात्र १९९७ पासून राष्ट्रीय ठेवा आहे. या ठेव्याचा छोटा भाग दर शरद ऋतूत, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, नारा राष्ट्रीय संग्रहालयात दाखवतात. तिकीट आधी काढावं लागतं.

१८. फोटो काढता येतात का? ते माझ्या लेखात वापरू का?

टोकियोत कायमच्या दालनांत फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय फोटो चालतात. ज्या वस्तूजवळ मनाईचं चिन्ह आहे ती सोडून, कारण ती बहुधा उसनी आणलेली असते. लेखासाठी काचेतून काढलेल्या फोटोपेक्षा ‘कोलबेस’ वापरा. हा राष्ट्रीय संग्रहालयांचा एकत्रित ऑनलाइन संग्रह आहे. स्रोत नमूद केला की त्यातली छायाचित्रं फुकट वापरता येतात, व्यवसायासाठीसुद्धा.

१९. जपानला न जाता इथे काय पाहता येईल?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात (१९२२ पासून खुलं) चिनी आणि जपानी दालन आहे. त्यातला मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आला. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे पुत्र, १९१८ साली निवर्तलेले. बडोद्याच्या संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंगमध्येही जपानी वस्तू आहेत. मात्र यांतला बराचसा माल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्यातीसाठी केलेला आहे. कारागिरी अफाट, पण जपानी माणसाच्या घरात तसली भडक फुलदाणी नसे. हे लक्षात ठेवून पाहिलं तर जास्त मजा येते.

२०. आजोबांनी आणलेली जपानी बरणी किती जुनी असेल?

उलटी करून बूड पाहा. रोमन अक्षरांत ‘निप्पॉन’ असेल तर बहुधा १८९१ ते १९२१. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केल्यामुळे ते आलं. त्यानंतर ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४७ ते १९५२. अमेरिकेला न गेलेल्या मालावर काहीच नसू शकतं, त्यामुळे खूण नसणं हा जुनेपणाचा पुरावा नाही. वर्तुळातला क्रॉस हे सात्सुमा प्रांताच्या शिमाझु घराण्याचं चिन्ह, पण ते कुणीही छापत असे. ‘रॉयल सात्सुमा’ लिहिलेलं भांडं तर सहसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, आणि बरेचदा जपानबाहेरचं.

२१. अशी वस्तू विकता येते का? परदेशातल्या मुलाकडे पाठवली तर?

भारतात १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते (हस्तलिखितांना ७५ वर्षं), मग ती मूळची कुठल्याही देशाची असो. ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या आणि सामानाबरोबर ठेवा, विमानतळावर तोंडी सांगून भागत नाही.

हस्तिदंताचं प्रकरण वेगळं. नेत्सुके म्हणजे किमोनोच्या पट्ट्याला पिशवी अडकवायची छोटी कोरीव गोटी. तिला दोन भोकं असतात, गाठ आत जावी म्हणून एक मोठं. ती हस्तिदंती असेल तर वय कितीही असो, तिचा व्यापार भारतात बंद आहे. आयात केलेल्या हस्तिदंतावरची बंदी १९९१च्या दुरुस्तीने आली. आधी ती खरंच हस्तिदंताची आहे का ते पाहा. हाडात बारीक काळे ठिपके दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी असते. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने वस्तूला कायमचं भोक पडतं. तिरप्या उजेडात भिंगाने पाहिलं तरी पुरे.